अण्णांच्या तीनशे कॅसेट: घरापुरती कॉपी कायद्याला कुठपर्यंत चालते?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे उत्तर कशाला दिलंय ते कळेल. मिरजेतल्या एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यांकडे त्यांच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, जमवलेल्या तीनशेच्या आसपास कॅसेट आहेत. काही दुकानातून विकत घेतलेल्या, काही रेडिओवरून भरलेल्या, काही दुकानदाराला गाण्यांची यादी देऊन भरून घेतलेल्या, आणि चाळीसेक घरगुती बैठकींच्या. टेप चिकटायला लागल्यात, म्हणून सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं आहे. इंग्लंडमधल्या मुलाला एक हार्ड डिस्क हवी आहे, पुतण्या म्हणतो यूट्यूब चॅनल काढू, आणि गावातलं वाचनालय एक प्रत मागतंय. त्यांचं म्हणणं असं: ‘घरच्यासाठी केलं तर सगळं चालतं असं ऐकलंय. खरं का?’

ऐकलंत ते खरं आहे, पण त्या वाक्यातला ‘सगळं’ हा शब्द काढून टाका. मुंबईत कॉपीराइटची कामं करताना मला हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून आलाय, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याचं लक्ष वस्तूवर असतं. कॅसेट माझी, सीडी माझी, पैसे मी मोजले, मग गाणं माझं का नाही? कायदा वस्तूकडे फार बघत नाही. तो प्रत्येक नव्या प्रतीला विचारतो की तू कोणी केलीस आणि कोणासाठी. तुमच्या तीनशे कॅसेटना एक उत्तर नाही ते यामुळेच. एकाच कॅसेटची तुम्ही ऐकायला केलेली प्रत चालेल आणि पुतण्याने चॅनलवर टाकलेली चालणार नाही.

थोडा मागचा हिशोब बघू, कारण ‘घरच्यासाठी चालतं’ हे आपण सगळे ज्या काळात म्हणायचो त्या काळात ते कायद्यात नीट लिहिलेलंच नव्हतं. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, लागू झाला २१ जानेवारी १९५८ ला. त्यातलं कलम ५२ म्हणजे सवलतींची यादी: अमुक केलं तर हक्कभंग होत नाही. त्यात पहिलीच सवलत खासगी वापरासाठी केलेल्या ‘वाजवी’ वापराची. पण ती सवलत साहित्य, नाटक, संगीतरचना आणि कलाकृती यांच्यापुरती होती. ध्वनिमुद्रणाचं नाव त्यात नव्हतं, चित्रपटाचंही नव्हतं. म्हणजे कवितेची वही उतरवून घेतली तर सवलत होती, रेकॉर्डवरून कॅसेट भरली तर नव्हती. मी कॉलेजात असताना डबल डेक प्लेयरवर रात्र-रात्र बसून मित्रांच्या कॅसेट उतरवल्यात. एका बाजूला मूळ, दुसऱ्या बाजूला कोरी सी-९०, म्हणजे नव्वद मिनिटांची कॅसेट, आणि बाजू संपायच्या आत गाणं बसेल का याची मिनिटं वहीच्या मागच्या पानावर. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे आमच्या अख्ख्या पिढीने हक्कभंग केलेला आहे. कोणी पकडलं नाही ही गोष्ट वेगळी. आणि अण्णांच्या त्या काळच्या कॅसेटची काळजी करत असाल तर करू नका, दावा लावायची तीन वर्षांची मुदत केव्हाच उलटून गेली.

२०१२ च्या दुरुस्तीने हे बदललं. २१ जून २०१२ पासून कलम ५२(१)(ए) मध्ये ‘कोणतीही कृती’ असे शब्द आले, फक्त संगणक प्रोग्राम वगळून. कायद्यातल्या ‘कृती’ या शब्दात ध्वनिमुद्रण येतं. ‘खासगी वापर’ होतं तिथे ‘खासगी किंवा व्यक्तिगत वापर’ झालं. आणि खाली एक स्पष्टीकरण जोडलं गेलं की या कारणांसाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवली तर तो हक्कभंग नाही. तुम्ही करायला निघालाय ते, म्हणजे टेपवरचं गाणं कॉम्प्युटरवर घेणं, याला आधार आहे तो हाच. भारतात त्यासाठी वेगळा आकारही द्यावा लागत नाही. जर्मनीने १९६५ सालीच टेपरेकॉर्डरच्या किमतीतून संगीतकारांसाठी पैसे कापायची पद्धत आणली. लोक घरी भरणारच, तर त्याची भरपाई यंत्रातून घ्या, असा सरळ विचार. आपल्याकडे सवलत दिली, भरपाई ठेवली नाही. म्हणूनच ‘वाजवी’ हा शब्द आपल्याकडे जास्त वजन उचलतो.

आता एका कॅसेटवर किती लोक बसलेले असतात ते बघा. अण्णांची कुठलीही कंपनीची कॅसेट घ्या आणि आतला कागद पूर्ण उलगडा, घडीच्या शेवटच्या पानापर्यंत. खालच्या बाजूला बारीक अक्षरात वर्तुळात इंग्रजी पी, त्याच्यापुढे वर्ष, मग कंपनीचं नाव-पत्ता. हे शोभेसाठी नाही. १९८४ साली कायद्यात आलेल्या कलम ५२ए प्रमाणे ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कदाराचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष छापणं बंधनकारक आहे. त्या वर्तुळातला पी म्हणजे ध्वनिमुद्रणाचा हक्क. पण तो एक थर झाला. गाण्याचे शब्द हा दुसरा हक्क, चाल हा तिसरा. आणि १९९५ पासून गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा स्वतःचा हक्क, तो चौथा.

या थरांची मुदत एकत्र संपत नाही, आणि गोंधळ नेमका इथे होतो. ध्वनिमुद्रणाला प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १९६४ साली बाजारात आलेल्या रेकॉर्डचा हक्क ३१ डिसेंबर २०२४ ला संपला. शब्द आणि चाल मात्र कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात. गीतरामायणाचं बघा. पुणे आकाशवाणीवर १९५५ साली ते सुरू झालं. शब्द गदिमांचे, आणि गदिमा गेले १९७७ ला. म्हणजे शब्दांचा हक्क २०३७ अखेरपर्यंत. चाली सुधीर फडक्यांच्या, ते गेले २००२ ला. म्हणजे चालींचा हक्क २०६२ अखेरपर्यंत. एखादं मुद्रण कितीही जुनं असलं तरी त्यावरची ही दोन कुलपं तशीच आहेत. याच्या उलट टोकाला संगीत मानापमान. नाटक १९११ चं, शब्द खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. खाडिलकर १९४८ ला गेले, टेंबे १९५५ ला. शब्द आणि चाल दोन्ही मोकळे झाले. उद्या तुमच्या नातीने त्यातलं पद स्वतः गाऊन कुठेही टाकलं तर कोणाच्या परवानगीची गरज नाही. पण तेच पद कोणा गायकाने १९८५ साली कंपनीसाठी गायलं असेल तर ते मुद्रण २०४५ अखेरपर्यंत कंपनीचं आहे. तुकोबांच्या अभंगाचंही तसंच. शब्द सगळ्यांचे, पण चाल विसाव्या शतकातल्या संगीतकाराची असू शकते. श्रीनिवास खळे २०११ साली गेले, त्यांच्या चाली २०७१ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. ‘संतांचं आहे, त्याला कसला कॉपीराइट’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता फक्त विचारतो, चाल कोणाची?

मिरजेचे आहात म्हणून एक जवळचं उदाहरण. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या हयातीत निघालेल्या ७८ च्या तबकड्यांचा हक्क केव्हाच संपलाय. पण बाजारात त्याच गायनाची नव्याने साफसूफ करून काढलेली सीडी असेल तर तिच्यावरची कंपनी म्हणेल, या साफ केलेल्या आवृत्तीवर आमचा नवा हक्क आहे. त्या वादात पडायची हौस कशाला? घरात किंवा ओळखीत मूळ तबकडी असेल तर तिच्यावरूनच उतरवा. खरखर येईल, पण ती खरखर कोणाच्या मालकीची नाही.

आता तुमचे ढीग एकेक घेऊ. विकत घेतलेल्या कॅसेटबद्दल फार बोलायला नको. स्वतः ऐकण्यासाठी कॉम्प्युटरवर एक प्रत, आणि डिस्क मेली तर म्हणून तिचीच एक जादा प्रत, एवढं माझ्या मते आरामात ‘वाजवी’मध्ये बसतं. फक्त मूळ कॅसेट विकू नका, वाटूही नका. प्रत ठेवायची आणि मूळ दुसऱ्याला द्यायचं म्हणजे एका खरेदीत दोन घरं ऐकायला लागली, आणि मग ‘व्यक्तिगत’ हा शब्द ओढून-ताणून लावावा लागतो. सीडीवर कॉपी होऊ नये म्हणून कुलूप घातलेलं असेल तर त्याचंही सांगतो. कलम ६५ए प्रमाणे ते कुलूप हक्कभंगाच्या उद्देशाने तोडणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ‘उद्देशाने’ हा शब्द वाचा. जी गोष्ट करायला कायदा मना करत नाही तिच्यासाठी तोडलं तर ते कलम लागत नाही.

रेडिओवरून भरलेल्या कॅसेटची गोष्ट जास्त गमतीची. शनिवारी रात्रीचा आकाशवाणीचा अखिल भारतीय संगीताचा कार्यक्रम, अण्णा रेडिओसमोर बसलेले, प्ले आणि रेकॉर्ड ही दोन्ही बटणं एकदम दाबायला बोटं तयार, निवेदिकेचं शेवटचं वाक्य अर्धं कापलं जाणार हे ठरलेलं. अशा मुद्रणाला कायद्यात दुसरीच सवलत आहे, कलम ३९ मध्ये. मुद्रण करणाऱ्याने स्वतःच्या खासगी वापरासाठी, किंवा प्रामाणिकपणे शिकवण्या-संशोधनासाठी, ध्वनिमुद्रण केलं तर प्रसारकाचा हक्क मोडत नाही आणि कलाकाराचाही मोडत नाही. सवलत आहे ती ‘मुद्रण करणाऱ्याच्या’ वापराला. अण्णांनी अण्णांसाठी भरलं, चाललं. तीच टेप कोणी तीस वर्षांनी जगाला ऐकवायला काढली तर कलम ३९ त्याच्या मदतीला येत नाही. आणि रेडिओवर थेट गायन न होता कंपनीची रेकॉर्ड वाजवली जात असेल, तर त्या रेकॉर्डचा हक्क कलम ३९ मध्ये नाहीच. तिथे आपण पुन्हा ५२(१)(ए) वर येतो.

यादी देऊन भरून घेतलेल्या कॅसेट. प्रत्येक गावात असं एक दुकान होतं. काचेच्या कपाटात रेकॉर्डी, काउंटरवर पाठकोरे कागद, लोक बॉलपेनने वीस गाण्यांची यादी लिहून द्यायचे, परवा या म्हणायचा, आणि परवा गेलं की तीन गाणी नाहीत म्हणून त्याच्या पसंतीची तीन घातलेली असायची. पुढे तोच माणूस एमपीथ्रीची सीडी भरून द्यायला लागला, आणि त्याचा मुलगा मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरतो. यातल्या प्रत्येकाने एकच बचाव केलाय: साहेब, गिऱ्हाईक स्वतःसाठी भरून घेतं, स्वतःच्या वापराला कायद्यात सवलत आहे.

तो बचाव टिकत नाही, आणि याबाबत आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आहे. टिप्स ही संगीत कंपनी विरुद्ध विंक म्युझिक. विंक हे तेव्हाचं मोबाइलवरचं संगीत ॲप. टिप्सबरोबरचं लायसन्स संपल्यावरही त्यांनी टिप्सची गाणी ॲपवर चालू ठेवली आणि प्रसारणासाठीच्या वैधानिक लायसन्सवर, म्हणजे हक्कदाराच्या होकाराशिवाय ठरलेले पैसे भरून प्रसारण करू देणाऱ्या कलम ३१डी वर, हक्क सांगितला. निकालाचा गाजलेला भाग तो: इंटरनेटवरून गाणं मागेल तेव्हा ऐकवणं किंवा डाउनलोड करू देणं या कलमात बसत नाही, असं एप्रिल २०१९ मध्ये एकल न्यायाधीशांनी ठरवलं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठाने ते कायम केलं. पण तुमच्या प्रश्नासाठी त्यातला कमी चर्चा झालेला तुकडा महत्त्वाचा आहे. विंकने असंही म्हटलं होतं की गाणं आपल्या फोनवर साठवतो तो ग्राहक, तोही व्यक्तिगत वापरासाठी, म्हणून ५२(१)(ए) ची सवलत लागू होते. एकल न्यायाधीशांनी ते मानलं नाही. ग्राहकाचा वापर व्यक्तिगत असेल, पण गाणं पुरवणाऱ्याचा धंदा आहे. ऐकणाऱ्याची सवलत विकणाऱ्याला उसनी मिळत नाही. ॲप आणि कोपऱ्यावरचं कॅसेटचं दुकान यांच्यात आकाराचाच काय तो फरक.

यावरून तुम्ही विचाराल की मग मी टेप डिजिटल करायला पुण्याच्या एखाद्या स्टुडिओत दिल्या तर? माझ्या मते तिथे फरक आहे. तो तुमच्या कॅसेटवर मेहनत करतोय आणि मेहनतीचे पैसे घेतोय, गाणी विकत नाही. पण दोन गोष्टी त्याच्याकडून कागदावर घ्या: काम झाल्यावर एकही प्रत ठेवणार नाही, आणि तुमच्या टेपवरचं काही दुसऱ्या गिऱ्हाइकाला देणार नाही. असे संग्रह हातात आले की लोकांची नियत डळमळते, हे मी बघितलंय. यादी देऊन भरून घेतलेल्या ढिगातल्या फिल्मी कॅसेटवर मात्र तुमचा वेळ घालवू नका. त्या प्रतींचा उगमच सदोष आहे, आणि त्यातली बहुतेक गाणी आज रीतसर, याहून चांगल्या आवाजात मिळतात.

राहिल्या बैठकींच्या चाळीस. तुमचा खरा ठेवा हा, आणि सगळ्यात अवघडही हाच. घरातला दिवाणखाना, सतरंजी, कडेला टेपरेकॉर्डर, मध्येच कप-बशांचा आवाज, कोणाची तरी ‘क्या बात है’. या मुद्रणाचा मालक कोण? कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता, आणि निर्माता म्हणजे ज्याने ते करायचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. म्हणजे या कॅसेटपुरते अण्णा हे कंपनीच्या जागी आहेत आणि त्यांचे वारस म्हणून तो हक्क तुमच्याकडे आलाय. हे ऐकून खूश होणाऱ्यांना मी लगेच दुसरा अर्धा भाग सांगतो. गायकाचा हक्क त्याहून वेगळा आहे. तो १९९४ च्या दुरुस्तीने आला, १९९५ पासून लागू झाला. आधी मुदत २५ वर्षं होती, १९९९ च्या दुरुस्तीने ५० झाली. १९९८ सालच्या बैठकीत गाणाऱ्या कलाकाराचा हक्क २०४८ अखेरपर्यंत आहे. त्याच्या संमतीशिवाय त्या मुद्रणाच्या प्रती लोकांत काढता येत नाहीत, लोकांना ऐकवताही येत नाही. खासगी वापराला कलम ३९ आहेच, म्हणून तुम्ही स्वतः ऐकत बसायला काही हरकत नाही.

१९९५ पूर्वीच्या बैठकींना कलाकाराचा हा हक्क कायद्यात लिहिलेलाच नव्हता. त्याहून मोठी गंमत म्हणजे ‘संगीतरचना’ या शब्दाची जुनी व्याख्या छापलेल्या किंवा लिहिलेल्या, स्वरलिपीत उतरवलेल्या संगीताचीच होती. आपलं सगळं घराणेदार गाणं कानाने शिकलेलं, कानाने दिलेलं. ते १९९४ पर्यंत कायद्याच्या नजरेला संगीतच नव्हतं! पण कायद्यात लिहिलेलं नव्हतं म्हणून ती टेप चव्हाट्यावर आणा, असा सल्ला मी देत नाही. खाँसाहेबांनी किंवा बुवांनी घरात गाताना जो गळा मोकळा सोडला तो ‘घरातच राहील’ या भरवशावर. कित्येक गायक बैठकीत टेप दिसली की हात लावून बंद करायला सांगत. तुमच्या अण्णांना त्यांनी चालू ठेवू दिलं, ती मेहेरबानी अण्णांवर होती. कलाकाराच्या घरच्यांना फोन करा, एक प्रत त्यांना द्या. अनेक घरांत वडिलांचं असं गाणं एक मिनिटही नसतं. मग पुढचं त्यांच्याशी बोलून, लिहून ठरवा.

यात पुतण्याचं उत्तर येऊन गेलं. चॅनलवर टाकणं म्हणजे जनतेपर्यंत पोचवणं, आणि एकाने ऐकलं की एक लाखाने, याला महत्त्व नाही. ऐकता येईल असं ठेवलं की झालं. ‘फक्त रसिकांसाठी, व्यावसायिक हेतू नाही’ असं खाली लिहून काही होत नाही. ते वाक्य म्हणजे आरशावर चिकटवलेलं लिंबू-मिरची. आणि गंमत म्हणजे ज्यावर तुमचा हक्क आहे तेही तिथे सुखाने नांदेल असं नाही. माझ्या एका अशिलाने स्वतःच्या गुरूंच्या बैठकीतली भैरवी, घरच्यांच्या लेखी संमतीने, चढवली. तिसऱ्या दिवशी एका कंपनीचा दावा आला: हे आमचं मुद्रण. कंपनीकडे त्याच बंदिशीची दुसऱ्याच गायकाची रेकॉर्ड होती. दोघांचा षड्ज जवळपास, ठेका तोच, यंत्राला काय कळणार. आम्ही हरकत नोंदवली. उत्तर द्यायला दावेदाराला तीस दिवस असतात, आणि त्यांनी तिसाव्या दिवसापर्यंत वाट बघायला लावून दावा सोडला. संमतीपत्र, बैठकीची तारीख आणि कॅसेटच्या कागदाचा फोटो हाताशी होता म्हणून बोलता तरी आलं.

मुलाला हार्ड डिस्क द्यावी का? ५२(१)(ए) मध्ये ‘कुटुंब’ हा शब्द नाही. पण अण्णांच्या वस्तू वारसाने तुम्हा सगळ्यांच्या, मुलगा घरातलाच, आणि कायद्यात ‘व्यक्तिगत’च्या जोडीला ‘खासगी’ हाही शब्द आहे. भारतात केलेली एक डिस्क त्याला देताना मी तरी डोक्याला हात लावून बसणार नाही. त्याने ती मित्रमंडळाच्या गणपतीत पाच जणांना उतरवून दिली की तो खासगीपणा संपला. आणि तो राहतो तिथला कायदा आपल्यापेक्षा कडक आहे, हे त्याला सांगून ठेवा. ब्रिटनने १ ऑक्टोबर २०१४ पासून स्वतःच्या वापरासाठी कॉपी करायची सवलत दिली होती. संगीतकारांच्या आणि वादकांच्या संघटना कोर्टात गेल्या, म्हणाल्या आम्हाला भरपाई ठेवलेली नाही, आणि जुलै २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने ती सवलत रद्द केली. म्हणजे तिकडे स्वतःची सीडी स्वतःच्या फोनवर घेणंही कागदावर हक्कभंगच. भरपाईविना सवलत ही जी गोष्ट त्यांच्याकडे नऊ महिने टिकली, ती आपल्याकडे २०१२ पासून चालू आहे.

वाचनालयाला प्रत देऊ नका. कॅसेटच द्या. हे उलटं वाटेल, पण कलम ५२(१)(एन) प्रमाणे विनाव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत आधीपासून असेल, तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक रूपात साठवायला त्याला मुभा आहे. म्हणजे तुम्ही विकत घेतलेल्या मूळ कॅसेट वाचनालयाला रीतसर दान दिल्या, त्यांच्या नोंदवहीत चढल्या, की डिजिटल प्रत तेच काढू शकतात. तुम्ही पेनड्राइव्ह दिलात तर त्यांच्याकडे मूळ काहीच नाही आणि सवलतही नाही. अर्थात मूळ दिल्यावर तुमच्या कॉम्प्युटरवरच्या प्रतीचं काय, हा मघाचा प्रश्न परत येतो. म्हणून ज्या कॅसेट तुम्हाला ठेवायच्या नाहीत त्या अगोदर, न उतरवता, देऊन टाका. ग्रंथालयांना तीन प्रती काढायची म्हणून जी दुसरी सवलत सांगितली जाते ती पुस्तकांची आणि छापील स्वरलिपीची आहे, ध्वनिमुद्रणाची नाही.

शिक्षेचं एवढंच सांगतो. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलं. धंद्यासाठी नसेल तर शिक्षा कमी करायची मुभा कोर्टाला आहे. घरात ऐकायला कॉपी केली म्हणून कोणाच्या दारात पोलीस आलेले मी पाहिले नाहीत. मेमरी कार्ड भरून देणाऱ्यांच्या काउंटरवर आलेले पाहिलेत.

आता काम सुरू करायच्या आधीचं. प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोट्या प्लास्टिकच्या चिपा असतात, त्या आधी मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्ड दाबलं गेलं तरी टेप पुसली जाणार नाही. टेप सैल असेल तर पेन्सिलीने ताणून घ्या. एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून मगच वाजवा. थेट एमपीथ्री करू नका, वेव्ह फाइल घ्या, जागा आता स्वस्त आहे. कागदाच्या दोन्ही बाजूंचा फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा: कंपनीच्या कॅसेटवरचं वर्ष आणि अण्णांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेली तारीख, गाव, साथीदारांची नावं. उद्या हक्क कोणाचा हे ठरवायची वेळ आली तर फाइलपेक्षा तो फोटो जास्त बोलेल. क्रमाचं म्हणाल तर सुरुवात बैठकींपासून करा, आणि त्यातही सी-१२० असतील तर त्या सगळ्यात आधी. त्यांची टेप सगळ्यात पातळ, ती आधी ताणते आणि मग तुटते.